मी आई असून माझ्या सांगण्यावरून शाळेतल्या सिस्टर इन्सुलिन देत नाहीत. काय करावं?

लेकीची_आई

नमस्कार. बुधवारपासून हे डोक्यातून जात नाहीये. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला. दिवसाला चार इंजेक्शनं, दंडावर सेन्सर, आणि त्या सेन्सरचा आकडा दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर. तीन वर्षं मी रात्री दोनचा गजर लावून उठते. तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून मला शुगरचा अंदाज येतो. हे मोठेपणासाठी सांगत नाहीये, पण तिचा आजार माझ्याइतका जवळून दुसरं कोणी बघत नाही.

शाळेत सिस्टर आहेत, जेवणाआधीचं इंजेक्शन त्या देतात. बुधवारी १२:२० ला त्यांनी चार युनिट दिले. १:४० ला माझ्या फोनवर ३१२ आणि बाण वर, म्हणजे शुगर अजून चढतेय. मी लगेच फोन केला, म्हटलं दोन युनिट द्या. एका युनिटने तिची साधारण ८० उतरते हे मला पाठ आहे. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की आधीच्या डोसनंतर तीन तास करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) द्यायचं नाही. आणि अडीचला तिचा खेळाचा तास आहे." मी म्हटलं, मी तिची आई आहे, मी जबाबदारी घेते. त्या म्हणाल्या, "तोंडी सांगण्यावर मला इन्सुलिन देता येणार नाही ताई. लेखी आणा."

पावणेचारला मी शाळेच्या दारात होते. तेव्हा २४८. डोकं दुखत होतं म्हणून खेळाच्या तासाला ती बाकावर बसून राहिली होती. पाण्याची बाटली दोनदा भरून घेतली म्हणाली. गाडीत बसल्या बसल्या रडायला लागली.

मला दुसरंही खुपतंय. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिचं प्रमाण बदललं. आधी जेवणातल्या १८ ग्रॅम कार्बला (पिष्ट आणि साखर मिळून) एक युनिट होतं, आता १४ ला एक. मी त्याच दिवशी डायरीत लिहून पाठवलं होतं, सिस्टरांची सहीसुद्धा आहे खाली. म्हणजे त्यांनी वाचलंय. तरी त्या जुनाच कागद काढून बसतात. तो कागद दहा महिन्यांपूर्वीचा आहे.

घरी डॉक्टर मला म्हणतात, डोस तुम्हीच बघून कमी-जास्त करा, शिकवलंय तुम्हाला. मग शाळेच्या फाटकातून आत गेली की माझा अधिकार संपतो का? मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी असं मनात आहे. कोणाला असा अनुभव आहे का?

---

दोन_मुलांचा_बाबा

ताई, तक्रार द्याच. मी तुमच्या बाजूने आहे, आणि उगाच नाही.

माझ्या मुलाला गेल्या वर्षी शाळेत कणकण वाटली. त्यांच्या आरोग्य कक्षात पॅरासिटामॉल दिलं आणि घरी पाठवताना वहीत लिहिलं. पण सकाळी निघताना मीच त्याला एक डोस दिला होता! दोन डोसांत निदान चार तास हवेत आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, हे बाटलीवरच लिहिलेलं असतं. मध्ये तीन तासही गेले नव्हते. मुलाला काही झालं नाही, पण एक फोन का केला नाही, हा प्रश्न मी अजून विचारतो. उत्तर मिळालं की प्रवेश अर्जात "गरजेप्रमाणे प्राथमिक औषध द्यावे" यावर माझी सही आहे. सही आहे, खरं आहे. पण त्या सहीचा अर्थ "आम्हाला विचारू नका" असा होत नाही.

म्हणजे औषध द्यायचं असलं की आईबापाला विचारायची गरज नाही आणि आईबाप द्या म्हणाले की कागद लागतो. हे कसं चालेल?

---

निवृत्त_सिस्टर

लेकीची आई, मी २२ वर्षं शाळेच्या आरोग्य कक्षात काम केलं. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. रात्री दोनला उठणाऱ्या आया मी खूप पाहिल्या आहेत, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. तरी थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका.

आधी चार युनिट कुठून आले ते बघा. बुधवारी तिच्या डब्यात साधारण ७० ग्रॅम कार्ब असणार. जुन्या कागदाप्रमाणे ७० भागिले १८, म्हणजे जवळजवळ चार. नव्या प्रमाणाने ७० भागिले १४, म्हणजे पाच. मुलीला एक युनिट कमी पडला आणि तोच तुम्हाला १:४० ला फोनवर दिसला. दुपारच्या फोनवरून तुमचं आणि सिस्टरांचं वाजलं, पण घोळ दोन महिन्यांपूर्वी डायरीच्या पानावरच झाला होता.

आता तो दुपारचा फोन. झटपट इन्सुलिनचा जोर पहिल्या तास-दीड तासात सगळ्यात जास्त असतो आणि ते तीन-चार तास काम करत राहतं. १:४० ला आधीच्या चारातलं निम्म्याच्या आसपास अजून अंगात होतं. त्यावर दोन टाकले असते आणि ५० मिनिटांनी मुलगी पळायला लागली असती, तर साडेतीनला काय आकडा असता? पळण्याने शुगर तेव्हाही उतरते आणि पुढे कित्येक तास, अगदी रात्रीपर्यंत उतरत राहू शकते. तीन तासांची ती ओळ डॉक्टरांनी यासाठीच लिहिलेली असते. त्या फोनवर तुमच्यासमोर ३१२ हा आकडा होता. सिस्टरांसमोर आकडा होता, घड्याळ होतं आणि वेळापत्रक होतं.

सेन्सरचं आणखी एक. तो रक्त मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर भरभर चढत किंवा उतरत असेल तर तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. म्हणून बाण उभा असेल तेव्हा मी आधी बोटातून तपासायची, मगच हात पुढे करायची. बुधवारी बोटातून बघितलं होतं का, हे जरूर विचारा. २५० च्या वर आकडा टिकून राहिला आणि मूल पाणी पाणी करतंय, डोकं दुखतंय म्हणतंय, तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारी आम्लं) तपासायला हवेत. ते तपासले नसतील तर तिथे तुमची तक्रार रास्त आहे. ती जरूर करा.

आता अधिकाराचं. तुम्ही आई आहात, यावर कोणाचं दुमत नाही. पण इन्सुलिन हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आहे, आणि देणारा हात नर्सचा. डोस चुकला तर "आईने फोनवर सांगितलं" या वाक्यावर नर्सचा परवाना वाचत नाही. शिवाय फोनवर बोलणारी बाई खरंच आई आहे, तिने "दोन" म्हटलं की "दहा", याचा पुरावा काय? तुम्हाला हे कठोर वाटेल. माझ्या पहिल्या वर्षी एका वडिलांनी फोनवर सांगितलेला आकडा मी चुकीचा ऐकला होता. पेनचं चाक फिरवताना आकडा फार मोठा वाटला म्हणून थांबले, परत फोन लावला. तेव्हापासून तोंडी डोस कधीच घेतला नाही.

पण मग कागद शिळा का राहू द्यायचा? इथे सिस्टरांचं चुकलं असं मी म्हणेन. डायरीतली तुमची नोंद वाचून नुसती सही ठोकायला नको होती. "हे प्रमाण मला डॉक्टरांच्या सहीने हवं आहे, शुक्रवारपर्यंत आणा," असं त्याच दिवशी सांगायचं. मी असते तर तुमची परवानगी घेऊन दवाखान्यात स्वतः फोन केला असता. कागद शिळा झालाय हे कळल्यावर तो तसाच फाइलमध्ये ठेवणं बरोबर नाही.

उपाय सांगते. डॉक्टरांकडून नवा आराखडा घ्या आणि त्यात एक ओळ मुद्दाम लिहून घ्या: "पालकांना करेक्शनचा डोस अधिक-उणे इतक्या युनिटच्या मर्यादेत बदलण्याची मुभा आहे." अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या शाळांसाठीच्या नमुन्यात अशी ओळ छापलेलीच आहे, फक्त आकडा भरायचा. ती ओळ असली की तुमचा फोन हा डॉक्टरांच्या आदेशाचाच भाग होतो. मग कोणतीही सिस्टर तुम्हाला नाही म्हणणार नाही. आकडा किती ठेवायचा, हे डॉक्टर ठरवतील. मी सांगणार नाही.

आणि कृपा करून आराखड्यात हेही घाला: शुगर कमी वाटत असताना मुलीला एकटीला आरोग्य कक्षाकडे पाठवायचं नाही. एकदा वर्गातून एक मुलगा "सिस्टरांकडे जाऊन ये" म्हणून एकटा निघाला. पाच मिनिटं झाली तरी पोचला नाही. मी शोधायला गेले तर जिन्यात चौथ्या पायरीवर बसलेला. शर्टची कॉलर घामाने ओली, आणि बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होता. नाडी बांधलेलीच होती. तो ती सोडून परत बांधत होता. मी नाव विचारलं तर हसला नुसता. शुगर ४१. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, पण त्या काढून खायचं भान राहिलं नव्हतं. मेंदूला साखर मिळाली नाही की मूल स्वतःला मदत करू शकत नाही. ७० च्या खाली गेलं की जागेवरच १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि सोबत मोठं माणूस. दप्तर उचलून आणणारा मित्र पुरत नाही.

दोन मुलांचे बाबा, तुमच्या मुलाचं जे झालं ते चूकच होतं. ताप दिसला तर आधी फोन, मग औषध. फोन लागत नसेल तर मूल आडवं करून थांबायचं, पॅरासिटामॉलला तेवढी घाई नसते. सरसकट संमतीचं कलम सोयीसाठी असतं. त्याच्या आड लपणं मला कधी पटलं नाही.

एक राहवत नाही म्हणून लिहिते. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लीना रॉजर्स या नर्सला चार शाळांमध्ये महिनाभराच्या प्रयोगासाठी नेमलं. त्याआधी डॉक्टर यायचे, खरूज, उवा, डोळे आलेली मुलं शोधायचे आणि घरी हाकलायचे. मुलं आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राहायची, कारण घरी काय करायचं ते आईला कोणी सांगितलेलंच नसायचं. लीनाबाई घरोघरी जाऊन आयांना दाखवायच्या. मुलं वर्गात परतली. अमेरिकेत आमच्या कामाची सुरुवात अशी आईच्या उंबऱ्यावर झालेली आहे. म्हणून आई आणि सिस्टर समोरासमोर उभ्या राहिल्या की मला वाईट वाटतं.

---

शांत_झरा

मी उलट्या बाजूने चुकलो, ते लिहितो.

माझ्या मुलाला एपिलेप्सी आहे. सातवीत होता. आम्ही शाळेला सांगितलंच नाही. माझा मुलगा, मी ठरवणार कोणाला काय सांगायचं, असं माझं म्हणणं. मुलं चिडवतील, सहलीला नेणार नाहीत, ही भीती होती. बायको म्हणत होती सांगूया, मीच अडवलं.

प्रार्थनेच्या वेळी त्याला झटका आला. कोणालाच काही माहीत नाही. दोघांनी हातपाय दाबून धरले, एकाने दातांमध्ये चमचा घातला. समोरच्या दाताचा टवका उडाला. सिस्टर धावत आल्या, त्यांनी चमचा काढला, त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं. नंतर मला विचारलं, "पाच मिनिटांच्या वर गेला असता तर कोणतं औषध द्यायचं, हे तुम्हाला माहीत होतं ना?" होतं. गालात सोडायचं मिडाझोलाम घरात फ्रीजवरच्या डब्यात ठेवलेलं होतं. घरात.

तो दात आजही तसाच आहे. हसला की दिसतो मला.

ताई, तुमच्या सिस्टरांकडे कागद तरी आहे.

---

बोटावरची_साखर

मी आता २६ वर्षांची आहे, आठव्या वर्षापासून टाइप वन. इथे सगळे आई, बाबा, सिस्टर बोलले. त्या मुलीच्या जागेवरून थोडं लिहू का?

मी लहान होते तेव्हा माझ्याकडे सेन्सर नव्हता. आईला आकडा संध्याकाळी कळायचा, वहीतून. त्या वहीत मी खोटे आकडे लिहायचे. २८० आला की १६० लिहायचे. कारण २८० लिहिलं की आईचा चेहरा पडायचा आणि मग "काय खाल्लंस?" हा प्रश्न यायचा. कित्येकदा मी काहीच खाल्लेलं नसायचं. परीक्षेच्या ताणाने, तापाने, वाढीच्या वयातल्या हार्मोन्सनी, कशानेही शुगर चढते. मला ते सांगता यायचं नाही. शेवटी एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीत, सगळं बाहेर यायचं आणि दवाखान्यात माझ्यासमोर आई रडायची.

तुमच्या मुलीला खोटं लिहायची सोय नाही, तिचा प्रत्येक आकडा तुमच्या हातात आहे. ती गाडीत का रडली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंत का? डोकं दुखत होतं म्हणून, की खेळायला मिळालं नाही म्हणून, की दोन मोठी माणसं फोनवर तिच्यावरून भांडत होती आणि ती शेजारच्या खाटेवर बसून ऐकत होती म्हणून?

तुम्ही दिवसातून किती वेळा शाळेत फोन करता? प्रत्येक फोनला तिला वर्गातून उठावं लागतं का? मला पाचवीत एक बाई सगळ्यांसमोर "तुझी शुगर कशी आहे गं?" असं विचारायच्या. मायेने विचारायच्या. मी त्यांच्या तासाला बाकाखाली शिरून बसावं असं वाटायचं.

१९८९ च्या बालहक्क करारात आईवडिलांच्या अधिकाराबद्दल पाचवं कलम आहे. त्यात मुलाच्या वाढत जाणाऱ्या क्षमतेनुसार मार्गदर्शन करण्याचा अधिकार असं म्हटलंय. नऊ वर्षांची मुलगी डोस ठरवू शकत नाही, मान्य. पण इंजेक्शन कुठे बसून घ्यायचं, वर्गात कोणाला सांगायचं, बोटातली कोणती बाजू टोचायची, हे ती ठरवू शकते. (बाजूला टोचा, मधे नको. मधे दुखतं आणि लिहिताना पेन्सिल तिथेच टेकते.)

---

लेकीची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. तक्रार दिली नाही.

निवृत्त सिस्टर, ७० ग्रॅमच होते. मी त्या दिवशीचा डबा आठवून मोजला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. दोन महिने माझी मुलगी रोज दुपारी एक युनिट कमी घेत होती आणि मी डायरीतल्या सहीवर विसंबून होते. डॉक्टरांचा कागद आणायला मला फक्त एक फोन करायचा होता.

नवा आराखडा झाला. १४ ला एक. पालकांच्या मुभेची ओळ आहे, अधिक-उणे एक युनिट. तीन तासांची अट तशीच ठेवली आणि का ठेवली ते डॉक्टरांनी मला कागदावर आलेख काढून समजावलं. कीटोनचं लिहून घेतलं: २५० च्या वर दोन तास राहिली किंवा पोटात मळमळलं तर तपासायचं. बुधवारी तपासले नव्हते. मी सिस्टरांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की पट्ट्या संपल्या होत्या. आता दोन डब्या मी नेऊन ठेवल्या आहेत. बोटातून मात्र तपासलं होतं, २९४. मला सांगायचं होतं म्हणाल्या, पण तुम्ही बोलू देत नव्हतात. खरं आहे. नव्हते देत.

बोटावरची साखर, तुमचं वाचल्यावर मी लेकीला विचारलं. दोन दिवस काहीच बोलली नाही. मग रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "तू फोन केलास की सिस्टर माझ्याकडे बघतात, मग सगळे बघतात." मोजलं तर मी दिवसाला पाच-सहा फोन करत होते. तिला तीन गोष्टी हव्या होत्या: चित्रकलेच्या तासाला उठवायचं नाही, इंजेक्शन खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि आकडा आधी तिने मोठ्याने वाचायचा, मग सिस्टरांनी. तिन्ही झाल्या. चित्रकलेच्या वेळी आकडा ७० च्या खाली गेला तरच उठवायचं, यावर ती तयार झाली. आणि टोचायची बाजू तिने बदलली.

आता ठरलंय की ८० च्या खाली किंवा ३०० च्या वर असेल तरच मी फोन करायचा, नाहीतर सिस्टर मेसेज करतील. काल १:३५ ला फोन वाजला, २६४, बाण आडवा. फोन हातात घेतला आणि परत टेबलावर पालथा ठेवला. १:५० ला मेसेज आला: "बघितलं. बोटातून २५१. थांबतो आहोत. ती गुणाकार करतेय." अडीचला १९८.

शांत झरा, तुमच्या मुलाला माझ्याकडून खूप माया.

एक अडलंय, कोणाला माहीत असेल तर सांगा. सिस्टर महिन्यातून दोन-तीन दिवस रजेवर असतात. त्या दिवशी जेवणाआधी मी स्वतः जाते, तो प्रश्न नाही. पण शुगर खूप उतरून ती बेशुद्ध झाली तर ग्लुकागॉन (शुगर झटकन वाढवायचं तातडीचं औषध) कोण देणार? वर्गशिक्षिका फार चांगल्या आहेत, पण सुई बघून त्यांचे हात थरथरतात, आणि त्यांनी ते मला प्रामाणिकपणे सांगितलं. नाकात सोडायच्या पावडरीबद्दल डॉक्टरांशी बोलणार आहे. तुमच्यापैकी कोणी शिक्षकांना हे शिकवलंय का? कसं शिकवलं, किती जणांना, आणि वर्षातून किती वेळा उजळणी घेतली?